खारकर सरांचं पीतांबरी वटवाघूळ

खारकर सरांशी माझी ओळख माझ्या एका चुकीमुळे झाली. त्यात विशेष काही नाही. पेणमधल्या आणि रोह्यातल्या झाडून सगळ्या माणसांशी सरांची ओळख अशीच झालेली होती. समोरचा माणूस चुकेपर्यंत तो सरांना दिसतच नसे.

आमच्या पेणच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला लागलो त्या वर्षी वार्षिक अंकात माझी एक कविता आली. कातरवेळ, वड, आणि वडाला लोंबणारी रक्तपिपासू वटवाघळं, असा सगळा ऐवज होता. कविता कुणीही वाचली नाही. ज्यांनी छापली त्यांनीही वाचलेली नव्हती, हे छपाईच्या चुकांवरून कळत होतं. वाचली ती फक्त प्राणिशास्त्राच्या खारकर सरांनी. मधल्या सुट्टीत अंक घेऊन ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"अहो मराठी," ते म्हणाले. सहकाऱ्यांना ते विषयाच्या नावानेच हाक मारत. "यातलं कुठलं वटवाघूळ?"

"कुठलं म्हणजे? वटवाघूळ."

"चूक. वडाला लोंबतं ते फळं खाणारं. रक्त पिणारं आपल्या देशात नाहीच. आणि कातरवेळ म्हणत असाल, तर त्या वेळी सगळ्यांच्या आधी बाहेर पडतं ते सांजवटवाघूळ. त्याचं नाक साधं असतं, वर पानासारखा पडदा नसतो. कानाच्या आत एक उभी पाकळी असते. शेपूट दोन पायांमधल्या पडद्यात टोकापर्यंत शिवल्यासारखं असतं, बाहेर लोंबत नाही. तुमच्या कवितेत शेपूट कुठे आहे?"

कवितेत शेपूट नाही, असं मी कबूल केलं.

"मग ओळखायचं कसं?" असं विचारून ते निघून गेले. त्यानंतर मी कविता लिहिलेली नाही. मराठी साहित्यावर सरांचा हा एक उपकारच आहे.

सर रोह्याचे. घरची जमीन आजोबांच्या काळात कुळांकडे गेली आणि घरात नुसते शिक्षक उरले. रोज सकाळच्या गाडीने ते पेणला येत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी व्हर्निअर कॅलिपर असे. वटवाघळाचं कोपर ते मनगट हे अंतर मोजायचं तर हत्यार हाताशी हवं, असं त्यांचं म्हणणं. वटवाघूळ मिळालं नाही की ते जे मिळेल ते मोजत. कॅन्टीनचा बटाटेवडा गेल्या चार वर्षांत पाच मिलिमीटरने आटला आहे, हे त्यांनी कॅन्टीनवाल्याला आकृतीसह लिहून दिलं होतं. त्यानंतर तो त्यांना वड्याऐवजी पाव देऊ लागला.

बरं, सगळी वटवाघळं त्यांना चालत असं नाही. आंब्याचिकूवर धाड घालणाऱ्या मोठ्यांना ते 'ती फळवाली' म्हणून झटकून टाकत. त्यांचा सगळा जीव सांजवटवाघळांवर. पेण आणि रोह्याच्या परिसरात त्यांनी सहा जाती नोंदवल्या होत्या. मोठी पिवळी, जिचं तोंड कुत्र्यासारखं आणि पोट हळद लागल्यासारखं असतं. धाकटी पिवळी, तिच्यासारखीच पण लहान. मोठीचं कोपर ते मनगट सहा सेंटिमीटरच्या आसपास, धाकटीचं पाचाच्या आसपास, आणि मधल्या एका सेंटिमीटरवर सर तासभर बोलू शकत. मग सिलोनी, भारतीय आणि ठेंगणी अशा तीन पाकोळ्या, म्हणजे अगदी चिमुकली वटवाघळं. त्यांतली ठेंगणी काडेपेटीत मावेल एवढी. आणि सहावं रंगीत, नारिंगी अंगाचं आणि काळ्या-नारिंगी पंखांचं.

या पाकोळ्यांमधल्या नरांची खात्रीची ओळख त्यांच्या एका खाजगी अवयवातल्या इवल्याशा हाडावरून पटते. हे शास्त्र आहे, त्याला कुणाची हरकत नाही. पण आमच्या संस्थेचे कार्याध्यक्ष अण्णासाहेब यांच्या पत्नी कॉलेजात हळदीकुंकवाला आल्या असताना, त्यांच्या हातात वाणाचा डबा असताना, ते शास्त्र फळ्यावर आकृती काढून सांगायचं काही कारण नव्हतं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. संस्थेत सरांची बढती कधी झाली नाही, ती का, हे मला तरी तेव्हाच कळलं.

रोह्याला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालू, अंतरपाटाचं एक टोक सरांच्या हातात. तेवढ्यात मांडवातल्या मोठ्या दिव्याभोवती काहीतरी भिरभिरलं आणि सरांनी "ठेंगणी!" म्हणून बोट वर केलं. ज्या हाताचं बोट वर केलं त्याच हातात अंतरपाट होता. नवरा-नवरीने मुहूर्ताच्या आधीच एकमेकांना बघून घेतलं. भटजी संतापले. म्हणाले, "अहो, अजून चार मिनिटं होती मुहूर्ताला!"

"चूक," सर वर बघतच म्हणाले. "तीन."

त्यांना खऱ्या तोलामोलाचं माणूस एकच भेटलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. काशी वाघमारे आमच्याकडे झाडलोट करायची. राहायला पेणजवळच्या कातकरवाडीत, माहेर खांबच्या पुढचं. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर कॉलेजच्या भिंतीला लागून असलेल्या गणपतीच्या कारखान्यात रंगाची भांडी धुवायची. सर मोजून जे सांगत, ते काशी लांबून बघून सांगायची. "सर, सरळ जातो ना, तो मोठा. बारका कसा, मधी मधी पडल्यासारा होतो." सर म्हणायचे, असं नुसतं बघून ओळखता येत नाही. मग पकडून मोजायचे आणि काशीने सांगितलं तेच निघायचं.

एकदा ती म्हणाली, "आमच्या खांबला केळीच्या सुक्या पानात नारिंगी निजतो."

"चूक. फुलपाखरू असेल."

"फुलपाखराला दात नसतात, सर. मला चावलाय तो."

पुढच्या रविवारी सर खांबला गेले, आणि सोमवारी वर्गात त्यांनी सांगितलं, "मला रंगीत सांजवटवाघूळ आढळलं." काशी तेव्हा बाहेर व्हरांडा झाडत होती. सरांनी एकोणीस वर्षं खपून केलेल्या यादीत प्रत्येक जातीपुढे ठिकाण होतं, वेळ होती, मिलिमीटर होते. काशीचं नाव कुठेच नव्हतं. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, कारण मलाही ते तेव्हा खटकलं नव्हतं.

ती यादी हा सरांचा सगळा संसार होता. मुंबईच्या एका अभ्यासकांच्या मंडळाने ती आपल्या नियतकालिकात छापायचं कबूल केलं होतं. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. त्याआधी ती छापून यावी, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. दुसरं काही ते मागत नव्हते, आणि मागितलं असतं तरी कुणी दिलं नसतं.

त्या वर्षी आषाढात अण्णासाहेबांनी ठरवलं की प्रयोगशाळेच्या जुन्या कौलारू हॉलला पीओपीचं सीलिंग करायचं. तपासणी समिती येणार होती. कौलं आणि लाकडी तक्तपोशी यांच्या मधल्या पोकळीत मोठ्या पिवळ्यांची वसाहत होती, सगळ्या माद्या, आणि नेमकी त्याच दिवसांत त्यांना पिल्लं झालेली. सोमवारी औषध मारून सगळ्या फटी प्लायने बंद करायच्या असं ठरलं. सरांनी चार पानी अर्ज दिला. त्यातली साडेतीन पानं सांजवटवाघळांची ओळख कशी पटवावी यावर होती.

"खारकर, यांचा उपयोग काय?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"डास खातात. पिल्लं अजून उघडी आहेत, उडता येत नाही त्यांना. सहा आठवडे थांबा."

"डासांना आपल्याकडे कॉइल आहे," अण्णासाहेब म्हणाले, आणि अर्ज मिटून त्यावर चहाचा कप ठेवला.

शनिवारी सकाळी काशी सुपलीत काहीतरी घेऊन प्रयोगशाळेत आली. मी तिथे सरांच्या दुसऱ्या अर्जाची भाषा सुधारत बसलो होतो. सुपलीत एक मेलेलं वटवाघूळ होतं, आणि ते लखलखीत सोनेरी होतं. पंखांच्या कडेला लाल झाक. आमच्या कवितेत शोभावं असं.

"सर, हा आमच्या कारखान्यातला पीतांबराचा रंग हाय," काशी म्हणाली. "काल मालकान गन मारली, तवा वर वाशाला बसलेला असल."

आषाढात पेणमध्ये कारखान्या-कारखान्यात स्प्रे गन चालू असतात. पीतांबर, शेला, सोंडेवरची नक्षी. अंगणातल्या मांजरापासून वाळत टाकलेल्या चादरीपर्यंत सगळ्यांवर थोडंफार पीतांबर उडतंच. सरांनी नखाने पंख खरवडला, वास घेतला आणि म्हणाले, "थिनर." मग कॅलिपर लावला. "मोठी पिवळी. मादी." मग त्यांनी तिचं पोट बघितलं. "दूध आहे हिला. म्हणजे हिचं पिल्लू वर आहे. ते आज उपाशी जाणार." सरांचा आवाज एवढा साधा मी कधी ऐकला नव्हता. मला वाईट वाटलं, आणि एका वटवाघळासाठी वाईट वाटलं याची लाजही वाटली.

तेवढ्यात दार ढकलून अण्णासाहेब आत आले. मागे मोजपट्टी घेतलेला मिस्त्री. अण्णासाहेबांची नजर सुपलीवर गेली.

"हे काय सोनेरी? खारकर! नवी जात सापडली की काय आपल्याला?"

मी खुर्ची थोडी मागे घेतली. जे 'चूक' आता सुटणार होतं ते सरांच्या हयातीतलं सर्वांत मोठं असणार होतं, आणि मला त्याच्या वाटेत यायचं नव्हतं. काशीने तोंड उघडलं. सर म्हणाले, "काशी, चहा सांग." मग त्यांनी वर तक्तपोशीकडे बघितलं. घसा खाकरला. आणि म्हणाले, "अशा रंगाचं सांजवटवाघूळ मी आजवर पाहिलेलं नाही."

अण्णासाहेबांना एवढं पुरेसं होतं. त्यांनी तिथल्या तिथे नव्या जातीला आपल्या कैलासवासी वडिलांचं नाव दिलं. मिस्त्रीला म्हणाले, "काम थांबव. हे शास्त्र आहे. वरची सगळी वस्ती या सोन्याचीच असणार." मिस्त्री मोजपट्टी गुंडाळून गेला.

ते गेल्यावर सर स्टुलावर बसले. "सहा आठवडे," ते मला म्हणाले. "पिल्लं उडाली की मीच सांगेन."

"आणि तोवर?"

"तोवर मला कुणी काही विचारू नये."

सगळं पेण विचारायला आलं. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला, त्यात अण्णासाहेब मोठे आणि वटवाघूळ लहान. बातमी मी लिहिली. सरांनी तिच्यातलं 'नवी जात' खोडून 'अपरिचित रंगाचे' केलं आणि अण्णासाहेबांनी ते खोडून पुन्हा 'नवी जात' केलं. नमुने एरवी सर स्पिरिटच्या बाटलीत ठेवत. हा त्यांनी पेढ्यांच्या खोक्यात कापूस आणि डांबरगोळ्या घालून ठेवला, कारण स्पिरिटमध्ये पीतांबर सुटलं असतं. डोलवीच्या कंपनीतली पोरं शिफ्ट सुटली की खोक्यासोबत फोटो काढून घ्यायला यायची.

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि भाषणं. एक वक्ते म्हणाले, "वटवाघूळ हा एकच पक्षी असा, जो उलटा लटकून अंडी घालतो." मी सरांकडे बघितलं. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते, कपाळावर घाम होता. दुसरे म्हणाले, हे सोन्याचं वटवाघूळ म्हणजे लक्ष्मीचं वाहन. सरांनी डोळे मिटले. एकोणीस वर्षं ज्याने पेणमधल्या एकाही माणसाला नीट चुकू दिलं नाही, तो माणूस दीड तास गप्प बसून होता. मला खरं सांगायचं तर मजा आली. पहिला अर्धा तास तरी आली.

रोज संध्याकाळी सर आवारात उभे राहून बाहेर पडणाऱ्या माद्या मोजत आणि मग शिडी लावून बॅटरीने पिल्लं बघत. काशी शिडी धरायची. नारळी पौर्णिमेच्या सुमारास एका संध्याकाळी माद्यांच्या मागून पिल्लं बाहेर पडली. पडत, सावरत, चुकत. "व्हय, उडली!" काशी ओरडली. सरांनी त्याच संध्याकाळी मुंबईच्या मंडळाला पत्र लिहिलं की नमुना येऊन तपासावा.

आठवड्याभरात तिथली एक तरुण संशोधक आली. बिचारी फार सभ्य मुलगी होती. अण्णासाहेबांनी हॉलमध्ये सगळ्यांना जमवलं. तिने खोकं उघडलं, थोडं बघितलं, कापूस आणि थिनर मागितलं. थिनर शेजारच्या कारखान्यातून आलं. कापसाचा एक बोळा पंखावरून फिरला आणि पीतांबर कापसावर उतरलं. खाली आपली नेहमीची मोठी पिवळी.

"सर," ती हळूच म्हणाली, "हा रंग आहे."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा हॉल हसला. अण्णासाहेबांचं तोंड लाल झालं. त्यांच्या वडिलांचं नाव अजून खोक्यावर होतं.

"खारकर, तुम्हाला कळलं नाही?"

"नाही."

"आणि बाकी कुणाला? हे मराठी, ही काशी, रोज इथेच असतात ना?"

काशीच्या हातात झाडू होता. ती मला म्हणाली होती की वेळ आली तर ती सांगणार, सरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिने सरांकडे बघितलं. सर तिच्याकडे न बघता म्हणाले, "जिथे मला कळलं नाही तिथे ह्यांना काय कळणार?"

माणूस वाचवतानाही अपमान करायची ही हातोटी फक्त सरांकडे होती. काशीची नोकरी राहिली, माझीही राहिली. त्या दिवसापासून मुलं सरांना 'पीतांबर' म्हणू लागली. पाठीमागे म्हणायची, मग तोंडावर.

अण्णासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी सीलिंगचं काम धरायला सांगितलं, पण मिस्त्री मखरांच्या कामात अडकला होता, त्यात चार दिवस गेले. तेवढ्यात मुंबईहून यादी परत आली. भाषा अदबीची होती. ज्या निरीक्षकाला रंग आणि केस यांतला फरक ओळखता आला नाही, त्याच्या सहाही जातींच्या नोंदी आता पुन्हा तपासाव्या लागतील आणि तूर्त छपाई शक्य नाही, असा मजकूर. सरांनी तो फोनवर वाचला आणि मला वाचायला दिला. मी भडकलो. म्हणालो, "सर, त्यांना खरं कळवा. तुम्ही पिल्लांसाठी केलं म्हणावं. मी पत्र लिहून देतो."

"चूक," ते म्हणाले. "मूर्ख माणसाची यादी कुणीतरी कधीतरी पुन्हा तपासून बघतं. खोट्या माणसाची कुणी हातात धरत नाही."

मी पेनाचं टोपण पुन्हा लावलं. मी भाषेचा माणूस, मला नेमक्या वेळी शब्द सुचत नाहीत.

मिस्त्री आला त्या दिवशी सरांनी त्याच्याकडे एवढंच मागितलं की फटी अंधार पडायला लागल्यावर, सगळी बाहेर गेल्यावर बंद कराव्यात. मिस्त्री म्हणाला, "तुमच्यासाठी कायपन, पीतांबर सर." सर शिडीवर चढले. काशी आणि मी खाली. फटीतून एकेक बाहेर पडू लागली, माद्या, मागून पिल्लं. काशी बोटांवर मोजत होती. बराच वेळ काही आलं नाही, तेव्हा ती म्हणाली, "संपले सर."

"एक आहे."

मिस्त्रीने तोंडातला खिळा काढून घड्याळ बघितलं. सर फटीला कान लावून उभे होते. मग ते शेवटचं पिल्लू फटीच्या तोंडाशी आलं, तिथेच थांबलं, आणि खाली पडता पडता सावरून कारखान्याच्या बाजूला गेलं. सरांनी प्लायचा तुकडा स्वतःच उचलला, दोन्ही तळव्यांनी फटीवर दाबून धरला आणि म्हणाले, "मार खिळा."

चार खिळे बसले. मिस्त्री उतरला. सर अजून वरच होते. एवढ्यात एक मादी लवकर परतली. ती त्या प्लायवर येऊन बसली आणि जिथे फट होती तिथे नाक घासत इकडून तिकडे सरकायला लागली. सरांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. ते हलले नाहीत. ती परत परत त्याच जागी येत होती, आणि ते शिडीला धरून तिच्याकडे बघत उभे होते. शेवटी ती उडून गेली.

सर खाली आले. त्यांचा चेहरा बघून काशीने शिडी सोडून तोंड फिरवलं. सरांनी पिशवी उचलली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत ते रजेवरच राहिले, कॉलेजात मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

"चला," त्या संध्याकाळी ते म्हणाले, "गाडी चुकेल."

गाडीला अजून पाऊण तास होता.